आजोबांची १९७१ ची फियाट आणि तिचा रेडिओ: मूळ ठेवायचं की आजच्या सोयीचं करायचं?

उंब्रजकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आजोबांची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट गावाकडच्या शेडमध्ये उभी आहे. १०८९ सीसीचं इंजिन जाम नाही, पुलीला पाना लावला की फिरतं. दारांच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा गंजलाय, पण चौकट शाबूत आहे असं डेंटरचं मत. बाकी सगळं त्या काळचं: डायनामो (बॅटरी चार्ज करणारा), पॉइंटचं (म्हणजे यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणारं) इग्निशन, सोलेक्स कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगवरचा गेअर. डॅशबोर्डमध्ये मीडियम वेव्हचा कार रेडिओ आहे. डायलचा दिवा लागतो, आवाज नाही.

घरात दोन तट पडलेत. बाबांचं म्हणणं, नटबोल्टसुद्धा मूळचा हवा, नाहीतर हात लावू नका. धाकट्या भावाची यादी तयार आहे: ऑल्टरनेटर (डायनामोचा आजचा अवतार), इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढे डिस्क ब्रेक, एसी आणि रेडिओच्या जागी टचस्क्रीन. मला एवढंच हवंय की गाडी चालावी आणि महिन्यातून एखाद्या रविवारी साताऱ्यापर्यंत जाऊन यावी. जाणकारांनी मत द्यावं.

काळीपिवळी

आधी अभिनंदन! गाडी भंगारात घातली नाहीत.

‘मूळ’ म्हणजे कुठलं मूळ, हे बाबांना विचारा बरं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट बनायला लागली. तिचीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ ला पद्मिनी. त्या सगळ्या वर्षांत कंपनीच बारीकसारीक बदल करत होती. आणि टॅक्सीवाल्यांनी तर तिचं काय काय केलं! सीएनजीच्या टाक्या, छतावर कॅरियर, पुढच्या सीटवर वेगळंच रेक्झिन. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून गेली. तोवर ह्या गाड्या चालल्या त्या मूळ ठेवल्या म्हणून नव्हे. मिळेल तो भाग बसवला म्हणून चालल्या.

माझं मत भावाच्या बाजूने. टचस्क्रीन सोडून.

जुनी_तार

काळीपिवळी, टॅक्सीचं गणित वेगळं. टॅक्सी संध्याकाळी पैसे देते, ही गाडी देणार नाही. तिची किंमत तिच्या जुनेपणातच आहे.

मी स्वतःला एकच नियम लावून घेतलाय: नवीन भोक पाडायचं नाही. जे बसवायचं ते जुन्या भोकांत, जुन्या ब्रॅकेटवर, आणि काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डब्यात. ऑल्टरनेटर असा बसतो, तर बसवा. टचस्क्रीनसाठी डॅशबोर्ड कापावा लागतो, तर नाही. उद्या तुमच्या मुलीला सगळं पूर्ववत करावंसं वाटलं तर एका आठवड्यात करता आलं पाहिजे.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, ट्यूरिन सनद साधारण हेच सांगते. बदल करावाच लागला तर तो उलटवता येण्याजोगा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत. ट्यूरिन म्हणजे फियाटचंच गाव, हा योगायोग बाबांना सांगून बघा. पटेल कदाचित.

नाम_मात्र

वाचतोय. वाचनखूण साठवली.

उसगावकर

इकडे अमेरिकेत ह्याला रेस्टोमॉड म्हणतात. वरून १९६७ ची मस्टँग, आत आजचं इंजिन, आजचे ब्रेक, आजचा एसी. लोक मूळ गाडीपेक्षा जास्त पैसे मोजतात. तुमच्या भावाचं काही चुकत नाही.

किंवा सरळ विजेवर घ्या ना. जॅग्वारने स्वतः ई-टाइप विजेची करून दाखवली आणि २०१८ मध्ये ब्रिटिश राजघराण्याच्या लग्नात नवरानवरी तीतूनच गेले. शून्य धूर, शून्य कटकट.

जुनी_तार

आणि त्यानंतर वर्षभरातच फिवाने स्पष्ट केलं की इंजिन काढून मोटर घातलेली गाडी ते ऐतिहासिक वाहन मानत नाहीत. हौसेने करा, कोण अडवतंय. पण १०८९ सीसीचं ते इंजिन काढल्यावर आजोबांचं काय उरलं? पत्रा आणि हॉर्न.

नियमावली

थोडं कायद्याचं, कारण इथे भावनेपेक्षा आरटीओ मोठा.

१. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार न केलेली असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. तुमची १९७१ ची गाडी वयाने बसते.

२. पण व्हीए घेतलात की रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर रविवारी साताऱ्याला मिसळ खायला जाणं ह्यात बसत नाही. ते करायचं तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करा.

३. नेहमीच्या नोंदणीतही मोकळीक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटणारे बदल मालकाला परस्पर करता येणार नाहीत. विजेचं किट बसवायचं तर मान्यताप्राप्तच हवं आणि आरसी बुकात नोंद हवी. वाहनं तपासून मान्यता देणारी एआरएआय पुण्यातच आहे, पण म्हणून काम सोपं होत नाही.

म्हणजे कुठला क्रमांक हवा हे आधी ठरवा, पाना नंतर उचला.

नानापेठी

चर्चा छान चाललीय, पण गाडीला काय लागतं ते कुणीच बोलेना. माझं आयुष्य स्पेअर पार्टमध्ये गेलंय, म्हणून लिहितो.

पहिलं पेट्रोल. बाबा म्हणतात तसं शंभर टक्के मूळ ठेवलंत तर गाडी पंपावरच आजारी पडेल. १९७१ चं पेट्रोल आज कुठे आहे? आता पंपावर मिळतं ते इ-२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात आणि गरम इंजिनावर गळायला लागतात. आग लागते ती अशाने. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत ते तळाला बसतं आणि आतून गंज धरतो. वर टाकीतला जुना चिकटा सुटून जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) येतो तो वेगळाच. म्हणून टाकी उतरवून साफ करा, इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्या, पारदर्शक फिल्टर लावा आणि गाडी उचकायला लागली तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघा. ह्यात मूळ-बिळ काही बघायचं नाही.

दुसरं डायनामो. तो वाईट नाही, पण त्याचा जमाना दिवसा गाडी चालवणाऱ्यांचा होता. पूर्ण जोरातही वीस अँपिअरच्या आतच देतो आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की जवळपास काहीच नाही. मूळ पिवळे बल्ब, एक वायपर मोटर, हॉर्न, एवढ्यावर भागतं. भाऊसाहेबांनी ६०/५५ चे दोन हॅलोजन लावले की दहा अँपिअर तिथेच गेले, त्यावर पावसात वायपर आणि हीटर... बॅटरी घरी येईपर्यंत टिकायची नाही. दिवसाच फिरायचं असेल तर डायनामो ठेवा, नवे कार्बन टाका, आर्मेचर तपासून घ्या. रात्री हायवेला जायचं तर ऑल्टरनेटर. जुन्या ब्रॅकेटवर बसवणारे कारागीर पुण्यात आहेत. डायनामोचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरचा डबा जागेवर दिसायला राहू द्यायचा, तारा मात्र त्याला वळसा घालून न्यायच्या आणि तसा आराखडा लिहून ठेवायचा. नाहीतर पुढचा इलेक्ट्रिशियन त्या डब्यात दिवसभर बिघाड शोधत बसतो.

हेडलाइटला रिले (दिव्याचा मोठा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारा छोटा डबा) मात्र काहीही ठेवलंत तरी लावाच. जुन्या स्विचमधून सगळा करंट जातो, तो तापतो, आणि तो स्विच आता मिळत नाही.

पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? पॉइंट ठेवा म्हणेन. रस्त्यात बंद पडले तर पॉलिश पेपर आणि फीलर गेज पुरतो. इलेक्ट्रॉनिकचा डबा गेला तर ट्रक बोलवा. कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) मात्र आजकाल भिकार येतात, दोन जादा ठेवा. हल्ली बरेच जण डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग लावतात, बाहेरून काही कळत नाही. तोही लावा हवा तर, पण जुनी प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर जसेच्या तसे एका पुडीत डिकीत.

काळीपिवळी

नानापेठी काका, दंडवत. कंडेन्सरबद्दल +१००.

ओहमचा_नियम

गाडीचं झालं, आता रेडिओ. तोही बोलतोय, निदान दिवा तरी लागतोय.

१९७१ च्या आसपासचा कार रेडिओ बहुधा ट्रान्झिस्टरचा, शेवटच्या टप्प्याला जर्मेनियमचा पॉवर ट्रान्झिस्टर. दिवा लागतो म्हणजे वीज आतपर्यंत पोचते, बाकी ठरलेले संशयित तपासा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असणार, ते सरसकट बदला. आवाजाचा पॉट (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. स्पीकरचा कागद वाळवीने किंवा दमटपणाने गेलाय का बघा. आणि चालू करण्याआधी स्पीकर जोडलेला आहे ना, हे नक्की करा. बऱ्याच सेटमध्ये स्पीकरविना चालवलं तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो. जर्मेनियम जपून, त्याला उष्णता सहन होत नाही. चालू झाला की एरियल पूर्ण वर काढून डायलच्या वरच्या टोकाला एखादं क्षीण स्टेशन पकडा आणि एरियल ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) हळू फिरवून आवाज सर्वांत मोठा करा. हे न केल्यामुळे कितीतरी चांगले सेट ‘पकडत नाही’ म्हणून फेकले गेले.

आता खरी अडचण. रेडिओ बरा झाला तरी ऐकणार काय? डायलवर पुण्याची ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईची ५५८ आणि १०४४ अशी जागा शोधायची सवय असलेली पिढी आहे आपल्यात. पण आकाशवाणीची बरीच मध्यमलहरी प्रक्षेपणं बंद होऊन कार्यक्रम एफएमवर गेलेत. जी उरलीत त्यांवर मोबाइल चार्जर आणि स्वस्त एलईडी दिव्यांची खरखर. नानापेठी काकांनी पेट्रोलचं सांगितलं तेच इथे: यंत्र मूळ ठेवता येतं, त्याला लागणारं वातावरण मूळ राहात नाही.

म्हणून मी असं करतो. रेडिओचा डिटेक्टर (लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) आणि व्हॉल्यूम पॉट ह्यांच्यामधल्या जोडणीवर एक कॅपॅसिटर लावून बारीक शिल्डेड तार बाहेर काढतो, जुन्याच केबल-भोकातून, आणि ती ग्लोव्ह बॉक्समध्ये सोडतो. तिला फोन किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लागतो. डायल, बटणं, एकच स्पीकर, सगळं तसंच. गाणं मात्र आजचं. सोल्डर केलेली दोन टोकं काढली की रेडिओ १९७१ चा.

ओवी

अवांतर होईल, पण विचारते. सासऱ्यांचा मर्फीचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आहे, लाकडी कॅबिनेट, कापडी जाळी. तापकीर गल्लीतले (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातले) एक जण म्हणाले, आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतो, दिसायला तसाच राहील. करावं का? की आधी नुसता प्लग लावून बघू, चालतो का ते?

ओहमचा_नियम

ताई, थांबा! दोन्ही नको. प्लग तर अजिबात लावू नका.

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा (प्लग बाहेर असताना) आणि व्हॉल्व्हवरचे आकडे वाचा. पहिलं अक्षर ‘ई’ असेल, उदाहरणार्थ ईसीएच ८१, ईएल ८४, तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचे, आत बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. पहिलं अक्षर ‘यू’ असेल, यूसीएच, यूएल, यूवाय, तर सगळे फिलामेंट १०० मिलीअँपिअरवर एकामागोमाग जोडलेले. असल्या एसी-डीसी सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि विजेची एक तार थेट धातूच्या चासीला असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की अख्खी चासी २३० व्होल्टवर. लाकडी खोकं आणि बॅकेलाइटची बटणं म्हणून पूर्वी कुणाला शॉक बसत नसे. एखादं बटण निसटून धातूची दांडी उघडी पडली की संपलं. अशा सेटला फोनची तार जोडणं म्हणजे फोन हातात धरून मेनला हात लावणं.

दुसरं, आतले मेणकागदी कॅपॅसिटर. ते आता कॅपॅसिटर कमी आणि रेझिस्टर जास्त झालेत. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतला करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा एक असतो, त्यातून गळती झाली की ग्रिडवर धन दाब चढतो, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह एक वेळ जुन्या बाजारात मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा लागतो. म्हणून क्रम असा: आधी तो कॅपॅसिटर बदला, मग उरलेले कागदी, मग पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक. त्यानंतर ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेला राहिला तर प्लग काढा, आत शॉर्ट आहे.

जुनं दिसणं हवं असेल तर जुन्या कॅपॅसिटरचं मेण वितळवून आतली गुंडाळी काढा, त्या नळीत आजचा पॉलिएस्टरचा बसवा, पुन्हा मेणाने बंद करा. झाकण उघडलं तरी ओळखू येत नाही.

ब्लूटूथसाठी आतलं काढायची गरजच नाही. बऱ्याच सेटना मागे ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन भोकं असतात, तिथे जोडा. ‘यू’ सेट असेल तर मात्र मेनपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय नाही. किंवा अगदी कमी ताकदीचा, खोलीपुरता मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर ठेवा, म्हणजे रेडिओला हातच लावायला नको. डायल फिरवून आपलंच स्टेशन शोधायचं.

ओवी

बाप रे. बरं झालं विचारलं. यूएल ८४ लिहिलंय एकावर. प्लग आता कपाटात कुलूप लावून ठेवते.

आता मूळ विषयावर एक बोलू का? एवढ्या सगळ्यांत सीट बेल्टचं नाव कुणीच घेतलं नाही. उंब्रजकर, साताऱ्याला हायवेनेच जाणार ना? शेजारून ट्रक जातात. मागे मुलं बसणार. जुनी तार म्हणतात नवीन भोक नाही. बेल्टला भोक लागतंच. मग?

जुनी_तार

प्रश्न रास्त आहे. माझ्या गाडीत बेल्ट नाहीत. मी ती घरापासून मैदानापर्यंत चालवतो, हायवेला नेत नाही. हा नियम मी माझ्या वापराला लावलाय, उंब्रजकरांच्या वापराला तो पुरणार नाही हे मान्य.

नानापेठी

ताईंचं बरोबर. पण बेल्ट लावायचा तर नीट लावा, नाहीतर नसलेला बरा. ह्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. गंजलेल्या पत्र्याला वॉशर लावून बोल्ट आवळला तर धक्क्याला बोल्ट पत्र्यासकट बाहेर येतो. आधी खालचा गंज कापून नवा पत्रा वेल्ड करा, मग आतून जाड पोलादी प्लेट आणि त्यात सात सोळांशचा बेल्टचाच बोल्ट. दोन दारांमधला खांब वरच्या टोकासाठी, पण त्यालाही आतून प्लेट हवी.

आणि डिस्क ब्रेकचं भूत डोक्यातून काढा. ड्रम नीट घासून, नवे व्हील सिलिंडर आणि लायनर टाकून, बरोबर अॅडजस्ट केले तर ह्या वजनाच्या गाडीला पुरतात. धोका दुसरीकडे आहे: त्या काळच्या बहुतेक गाड्यांसारखं ब्रेकचं सर्किट एकच, एक नळी फुटली की पायाखाली काहीच नाही. पुढच्या पद्मिनीचा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसतो का ते पाहा. निदान सगळ्या रबरी होज नव्या घ्या आणि हँडब्रेक कायम ठीक ठेवा.

नियमावली

बेल्टच्या भोकाने व्हीए जातो का, तर माझ्या वाचनात प्लेट लावून बोल्ट बसवणं आणि बॉडी कापणं ह्यात फरक आहे. पण माझं वाचन आरटीओला बांधील नाही. भोक पाडण्याआधी लेखी विचारा.

चहा_कमी_साखर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विकून टाका आणि नवीन घ्या. पन्नास वर्षांनी तीपण विंटेज होईल :)

काळीपिवळी

हे येणारच होतं. धाग्याला नजर लागू नये म्हणून ठीक आहे.

उंब्रजकर

सगळ्यांचे आभार. रात्री बाबांना आणि भावाला शेजारी बसवून अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. इ-२० वाचल्यावर बाबा गप्प झाले. डायनामोचं वाचल्यावर भाऊ.

ठरलं ते असं. व्हीए नको, नेहमीचीच नोंदणी, कारण गाडी चालवायची आहे. इंजिन, कार्ब्युरेटर, पॉइंट, गेअर तसेच. नळ्या, होज, लायनर नवे. दिवसाच फिरणार म्हणून सध्या डायनामो, फक्त रिले लावणार. एसीवर भावाने हट्ट सोडला, टचस्क्रीनवर अजून नाही, पण ओहमचा नियम ह्यांची ग्लोव्ह बॉक्सची युक्ती त्याला आवडली आहे. तो स्वतः सोल्डरिंग करणार म्हणतोय, बघू.

बेल्टला बाबांचा विरोध होता. आई म्हणाली, मग मी बसणार नाही गाडीत. पुढे दोन आणि मागे दोन बेल्ट बसणार. आरटीओला अर्ज लिहिलाय.

नानापेठी काका, एक शंका. सोलेक्सचा दुरुस्ती किट ऑनलाइन दोन-तीन प्रकारचा दिसतो, किमतीत दुप्पट फरक. कुठला घेऊ?

नानापेठी

ऑनलाइन घेऊ नका, हातात घेऊन बघा. किटमध्ये अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम असतो, सगळी गंमत त्यात आहे. इथेनॉलला चालतो का, हे दुकानदाराला विचारा. तो ‘हो’च म्हणेल. म्हणून घरी आणून पंपावरच्या पेट्रोलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, झाकण घट्ट लावून, घराबाहेर. फुगला किंवा लिबलिबीत झाला तर परत द्या. बिल जपून ठेवा.